सुटका आणि पवित्रता : निर्गमकथेचे ख्रिस्ती वाचन

१. विषयाची मांडणी

ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ‘तारण’ आणि ‘पवित्र’ हे दोन शब्द पदोपदी भेटतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेलेले ‘क्रिस्तपुराण’ असो किंवा ना. वा. टिळकांनी आरंभिलेले आणि लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्णत्वास नेलेले ‘ख्रिस्तायन’ असो, या वाङ्मयाचा आशय याच दोन कल्पनांभोवती फिरत राहतो. हे शब्द मराठी वाचकाला परके नाहीत, आणि नेमकी तीच अडचण आहे. ‘तारण’ म्हणताच भवसागर, नाव आणि पैलतीर ही रूपके मनात उभी राहतात. ‘पवित्र’ म्हणताच स्नान, सोवळे आणि देवघर आठवते. या परिचित अर्थांच्या आधाराने वाचक नकळत एक क्रम गृहीत धरतो : माणसाने आधी शुद्ध व्हावे, मग देवाने त्याला तारावे.

ख्रिस्ती परंपरा ज्या प्राचीन ग्रंथांवर उभी आहे, त्या हिब्रू धर्मग्रंथांतील क्रम याच्या उलट आहे. तेथे सुटका आधी घडते आणि पवित्रता तिच्यामागून येते. पवित्रता ही सुटकेसाठी द्यावयाची किंमत नसून सुटका झालेल्यांनी जगावयाचे जीवन आहे. प्रस्तुत लेखात हा क्रम मुख्यतः निर्गमाच्या ग्रंथाच्या आधारे तपासला आहे. लेवीय आणि संदेष्ट्यांच्या ग्रंथांत त्याचा विस्तार कसा होतो, नव्या करारात त्याचे ख्रिस्ती रूप कसे सिद्ध होते आणि या वाचनापुढे कोणते प्रश्न उभे राहतात, याचाही विचार केला आहे.

२. निर्गमकथेतील क्रम

निर्गमकथेच्या ऐतिहासिकतेविषयी अभ्यासकांत एकमत नाही. ‘इस्राएल’ हे नाव बायबलबाहेर सर्वप्रथम आढळते ते मिसरचा राजा मेर्नेप्ताह याच्या इ. स. पू. १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात. परंतु गुलामांच्या सामुदायिक पलायनाची नोंद मिसरी साधनांत मिळत नाही. येथे मात्र विचार करावयाचा आहे तो घटनेचा नव्हे, तर ती सांगणाऱ्या ग्रंथाच्या रचनेचा.

हिब्रू भाषेत पवित्रतेचा बोध करणारा धातू ‘क-द-श’ असा आहे. ‘कादोश’ म्हणजे पवित्र आणि ‘कोदेश’ म्हणजे पवित्रता. उत्पत्तीच्या ग्रंथात सातवा दिवस पवित्र ठरविण्याच्या प्रसंगी हा धातू येतो आणि नंतर जवळजवळ नाहीसा होतो. तो पुन्हा ठळकपणे येतो निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायात. सासऱ्याची मेंढरे राखणाऱ्या मोशेला जळूनही भस्म न होणारे झुडूप दिसते आणि ती भूमी पवित्र असल्याने पायांतील पायतण काढण्याची आज्ञा होते. इथवर हा प्रसंग कोणत्याही देवस्थानाच्या स्थलमाहात्म्यासारखा वाटतो. परंतु त्या पवित्र भूमीवर मोशेला पूजाविधी सांगितला जात नाही. आपल्या लोकांची विपत्ती आपण पाहिली आहे, त्यांचा आक्रोश ऐकला आहे, त्यांचे दुःख जाणले आहे आणि त्यांना सोडविण्यासाठी आपण उतरलो आहोत, असे परमेश्वर त्याला सांगतो. पाहणे, ऐकणे, जाणणे, उतरणे अशी ही क्रियापदांची मालिका आहे. दाहक आणि अगम्य अशा पवित्रतेतून बाहेर पडणारा पहिला शब्द वेठबिगारांच्या सुटकेचा आहे.

त्यानंतरचा कथाभागही हाच क्रम पाळतो. समुद्र समोर आणि फारोचे रथ पाठीशी अशा पेचात सापडलेले लोक श्रद्धावान दिसत नाहीत. मिसरात थडगी नव्हती काय, असा कडवट सवाल ते मोशेला करतात. तरीही त्यांची सुटका होते. वल्हांडणाच्या रात्री दारांच्या चौकटींना कोकराचे रक्त लावण्याची आज्ञा सुटकेपूर्वीची आहे हे खरे; पण ग्रंथ तिला खूण म्हणतो. ती घरातील माणसांच्या सदाचाराची परीक्षा नव्हे. नियमशास्त्र दिले जाते ते समुद्र ओलांडल्यानंतर, सीनाय पर्वतापाशी. दहा आज्ञांचा आरंभसुद्धा आज्ञेने होत नाही. मिसरच्या दास्यगृहातून बाहेर काढणारा तो मीच, ही ओळख परमेश्वर प्रथम करून देतो आणि मग आज्ञा सांगतो.

निर्गमाच्या एकोणिसाव्या अध्यायात एक अट आहे, हा आक्षेप येथे घेता येईल. करार पाळलात तर तुम्ही याजकांचे राज्य आणि पवित्र राष्ट्र व्हाल, असा त्या वचनाचा आशय आहे. परंतु ही अट उच्चारण्यापूर्वी गरुडाने पिलांना पंखांवर वाहावे तसे आपण तुम्हांला वाहून आणले, याचे स्मरण परमेश्वर करून देतो. सुटका झालेली आहे, ती परत घेतली जात नाही. अट आहे ती सुटलेल्या लोकांनी पुढे काय व्हावयाचे याविषयी. म्हणूनच तिला तारणाची अट म्हणण्यापेक्षा तारलेल्यांना दिलेले कार्य म्हणणे अधिक योग्य ठरते.

३. समुद्रकाठचे गीत

निर्गमाच्या पंधराव्या अध्यायातील विजयगीत हे हिब्रू काव्याच्या अतिप्राचीन नमुन्यांपैकी एक असावे, असे फ्रँक मूर क्रॉस आणि डेव्हिड नोएल फ्रीडमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी भाषिक पुराव्याच्या आधारे मांडले. गीताच्या अखेरीस मिर्याम डफ घेऊन स्त्रियांसह नाचत गाते, असे कथा सांगते. बायबलच्या मांडणीत परमेश्वराच्या पवित्रतेचा स्पष्ट उद्घोष प्रथम होतो तो याच गीतात. देवांमध्ये त्याच्यासारखा कोण, असा प्रश्न करून गीत त्याला पवित्रतेने वैभवशाली म्हणते. तो पवित्र आहे हे लोकांना उमगले ते चिंतनातून नव्हे, तर सुटकेच्या अनुभवातून, असाच याचा अर्थ होतो.

गीताच्या रचनेतही हा संबंध दिसतो. पूर्वार्धात समुद्र, बुडणारे रथ आणि शत्रूची दर्पोक्ती आहे. उत्तरार्धात लोकांचा पुढचा प्रवास आहे. या दोहोंच्या सांध्यावर जे कडवे येते, त्यात तीन महत्त्वाचे शब्द एकत्र आले आहेत : ‘हेसेद’ म्हणजे निष्ठायुक्त प्रेमदया, ‘गाअल’ म्हणजे सोडवून घेणे आणि ‘कोदेश’ म्हणजे पवित्रता. सोडवून घेतलेल्या लोकांना परमेश्वर प्रेमदयेने आपल्या पवित्र निवासाकडे नेतो, असा त्या कडव्याचा भाव आहे. सुटकेचे गंतव्य पवित्रता आहे आणि या दोहोंना जोडणारा दुवा प्रेमदया आहे. पुढील सर्व परंपरेचे बीज या एका कडव्यात पाहता येते.

‘गाअल’ हा शब्द मूळचा देवळातला नसून कुटुंबातला आहे. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणे दारिद्र्यामुळे ज्याने वाडवडिलांची जमीन विकली, किंवा ज्याच्यावर स्वतःलाच विकण्याची पाळी आली, त्याला सोडवून आणण्याची जबाबदारी जवळच्या भाऊबंदावर पडते. अशा भाऊबंदाला ‘गोएल’ म्हणतात. रूथच्या कथेतील बवाज या नात्यानेच पुढे येतो. परमेश्वराला हा शब्द लावताना कवी एक धाडसी विधान करतो : विटा थापणाऱ्या गुलामांच्या भावकीत परमेश्वर स्वतः उभा राहिला आहे.

४. पवित्रतेचे आचरण

लेवीयच्या सतराव्या ते सव्विसाव्या अध्यायांना आउगुस्ट क्लोस्टरमान या जर्मन अभ्यासकाने १८७७ मध्ये ‘पवित्रतेची संहिता’ असे नाव दिले. मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र असा, हे या विभागाचे पालुपद आहे. ही आज्ञा त्याआधी अकराव्या अध्यायात, खाद्याखाद्याच्या नियमांच्या शेवटीही येते आणि तेथे तिला दिलेले कारण म्हणजे मिसरातून झालेली सुटका.

एकोणिसाव्या अध्यायात पवित्रतेचा जो तपशील दिला आहे, तो अनेक वाचकांना अनपेक्षित वाटेल. शेताच्या कडेचे पीक पुरते कापू नये, द्राक्षमळ्यात गळलेली फळे वेचू नयेत. ती गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्यावीत. मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नये. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये. तुमच्यात राहणाऱ्या उपऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे, कारण तुम्हीही मिसरात उपरे होता. पवित्रतेची कसोटी येथे शेताच्या बांधावर आणि मजुराच्या हातावर लागते. याच अध्यायात दोन जातींचे बी मिसळून न पेरण्याचे आणि मिश्र सुताचे वस्त्र न वापरण्याचे नियमही आहेत, हे विसरता येत नाही. विधी आणि नीती यांची फारकत या संहितेला मान्य नाही. परंतु उपऱ्याविषयीच्या आज्ञेचे कारण जेव्हा ती देते, तेव्हा ते कारण सुटकेची स्मृती हेच असते. ज्याला सोडविले गेले त्याने दुसऱ्याला दास्यात ठेवू नये, हा पवित्रतेचा सामाजिक अर्थ होय.

५. संदेष्ट्यांची उलटतपासणी

सुटलेले लोकच पुढे फारो झाले तर काय, हा प्रश्न संदेष्ट्यांनी उपस्थित केला. इ. स. पू. आठव्या शतकातील आमोस, गरिबांना चिरडणाऱ्या शोमरोनातील धनवंत स्त्रियांविरुद्ध परमेश्वर स्वतःच्या पवित्रतेची शपथ वाहतो, असे सांगतो. गुलामांच्या बाजूने प्रकटलेली पवित्रता येथे त्यांच्याच वंशजांविरुद्ध उभी राहते. आमोस एवढ्यावर थांबत नाही. परमेश्वराने इस्राएलला मिसरातून आणले, तसेच पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अरामी लोकांना कीर येथून आणले, असे तो म्हणतो. निर्गम ही एका राष्ट्राची मिरासदारी नव्हे, हा इशारा खुद्द हिब्रू धर्मग्रंथातच आहे.

होशेय याच काळातला. परंतु त्याचा स्वर वेगळा आहे. मिसरातून बोलावलेले मूल बापाकडे पाठ फिरविते, शिक्षा अटळ दिसते, आणि तरीही परमेश्वराचे अंतःकरण पालटते. त्याचे कारण विलक्षण आहे. आपण मनुष्य नसून देव आहोत, लोकांमध्ये राहणारा पवित्र असे आहोत, म्हणून आपण क्रोधाने येणार नाही, असे परमेश्वर म्हणतो. पवित्रता म्हणजे पाप्यापासून दूर राहणे, ही सामान्य समजूत येथे मोडून पडते. परमेश्वर क्षमा करतो ती पवित्रता बाजूला ठेवून नव्हे, तर तो पवित्र आहे म्हणूनच.

यशयाच्या ग्रंथात ‘इस्राएलचा पवित्र’ हे परमेश्वराचे नाव सुमारे २५ वेळा येते. ग्रंथाच्या चाळिसाव्या अध्यायापासून श्रोते बदलतात. ते आता बाबेलच्या बंदिवासात आहेत. इ. स. पू. ५३९ मध्ये कोरेशाने बाबेल जिंकले, त्या सुमाराची ही वाणी आहे. त्या वाणीत ‘इस्राएलचा पवित्र’ आणि ‘गोएल’ ही दोन नामे वारंवार जोडीने येतात, आणि समुद्रातून वाट काढणारा आता अरण्यातून वाट काढील, असे आश्वासन दिले जाते. पुरातन निर्गम अशा रीतीने नव्या निर्गमाचे चित्र बनतो.

६. ख्रिस्ती वाचनाचे स्वरूप

ख्रिस्ती परंपरेने ही मांडणी स्वीकारली ती याच नव्या निर्गमाच्या वाटेने. ‘येशू’ हे नावच ‘परमेश्वर तारतो’ या अर्थाच्या हिब्रू नावाचे रूप आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या यरुशलेम येथील मरणाविषयी ‘एक्सोदस’ हा ग्रीक शब्द योजला आहे. निर्गमाच्या ग्रंथाचे ग्रीक नावही तेच. त्याच शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात जखऱ्याच्या स्तोत्राचा आशय असा की, शत्रूंच्या हातून सुटून आपण निर्भयपणे, पवित्रतेने आणि नीतिमत्त्वाने देवाची सेवा करावी. समुद्रकाठच्या गीतातील क्रम येथे जसाच्या तसा उतरला आहे.

मार्कच्या शुभवर्तमानात याला कथारूप मिळते. त्याची पार्श्वभूमी समजण्यासाठी हाग्गय या संदेष्ट्याच्या, इ. स. पू. ५२० मधील, एका प्रश्नोत्तराकडे पाहावे लागते. वस्त्राच्या पदरातील पवित्र मांसाचा स्पर्श भाकरीला झाला तर ती पवित्र होते काय, असे तो याजकांना विचारतो. ते नाही म्हणतात. प्रेताने विटाळलेल्या माणसाच्या स्पर्शाने ती अशुद्ध होते काय, असे विचारताच ते होय म्हणतात. अशुद्धता संसर्गाने पसरते, पवित्रता तशी पसरत नाही. मार्कच्या कथेत कुष्ठरोगी येतो आणि येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. बारा वर्षे रक्तस्राव होणारी स्त्री त्याच्या वस्त्राला शिवते. मृत मुलीचा हात तो धरतो. प्रत्येक वेळी स्पर्शाचा परिणाम उलट्या दिशेने होतो. अशुद्ध मानलेले माणूस बरे होते. त्याच वेळी बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याने याजकाकडे जाऊन मोशेने नेमलेले अर्पण करावे, असेही येशू सांगतो. म्हणजे येथे नियमशास्त्र झुगारलेले नाही.

पेत्राचे पहिले पत्र हे या वाचनाचे सर्वांत आटोपशीर उदाहरण म्हणता येईल. आशिया मायनरमध्ये विखुरलेल्या ख्रिस्तानुयायांना ते उद्देशून आहे. लेवीयमधील पवित्रतेची आज्ञा, निष्कलंक कोकराच्या रक्ताने झालेली सोडवणूक, सीनायवरील ‘पवित्र राष्ट्र’ ही संज्ञा आणि एकेकाळी लोक नसलेले आता देवाचे लोक झाले, हा होशेयच्या ग्रंथातून घेतलेला विचार, हे सारे धागे पत्रलेखकाने एकत्र विणले आहेत. समाजात परके ठरलेल्यांना तो त्यांची नवी ओळख सांगतो. आचाराचा उपदेश त्या ओळखीवर आधारलेला आहे.

७. वाचनापुढील प्रश्न

या वाचनासमोर दोन गंभीर प्रश्न आहेत. पहिला नैतिक स्वरूपाचा आहे. समुद्राने एकाला वाट दिली आणि दुसऱ्याला गिळले. पुढे अनुवादाच्या सातव्या अध्यायात तर इस्राएलला पवित्र प्रजा म्हणताना कनानी राष्ट्रांच्या संहाराची आज्ञा दिली आहे. ओरिजेनसारख्या आद्य ख्रिस्ती भाष्यकारांनी अशा युद्धवर्णनांना आत्म्याच्या आंतरिक संघर्षाचा अर्थ दिला. त्या अर्थामुळे भाविकाला आधार मिळतो. ग्रंथातील हिंसा मात्र त्यामुळे पुसली जात नाही. यहुदी परंपरेने या अस्वस्थतेला दिलेला प्रतिसाद लक्षणीय आहे. मिसरी सैन्य बुडत असताना देवदूत गाऊ लागले, तेव्हा आपली निर्मिती समुद्रात बुडत असताना गीत कसले, असे म्हणून देवाने त्यांना अडविले, अशी आख्यायिका तालमुदात आहे.

दुसरा प्रश्न स्वामित्वाचा आहे. निर्गमकथा यहुदी लोकांची आहे आणि ती आजही दर वल्हांडणाला त्यांच्या घरोघरी सांगितली जाते. प्रत्येक पिढीने आपण स्वतःच मिसरातून निघालो असे मानावे, ही त्या विधीची अपेक्षा आहे. ही कथा म्हणजे केवळ ख्रिस्ताची पूर्वछाया, असे ख्रिस्ती वाचक म्हणू लागला की मूळ कथनकर्त्यांचा हक्क नाकारला जातो. अशा विचाराचे भयंकर परिणाम युरोपच्या इतिहासात दिसून आले आहेत. आमोसचे वचन येथेही मार्गदर्शक ठरते : दुसऱ्यालाही सोडविणारा देव तोच आहे. गुस्तावो गुतिएरेस यांनी १९७१ मध्ये लॅटिन अमेरिकेतील दरिद्री जनतेच्या संदर्भात मुक्तीचे धर्मशास्त्र मांडताना निर्गमकथेला मध्यवर्ती स्थान दिले, तेव्हा तिचा राजकीय आणि सामाजिक अर्थ पुन्हा पुढे आला.

८. मराठी शब्दांचा प्रश्न

आता आरंभीच्या शब्दांकडे वळता येईल. ‘तारण’ हा शब्द पार नेणे या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आला आहे आणि समुद्र ओलांडण्याच्या कथेला तो चांगलाच शोभतो. व्यवहारात तारण म्हणजे कर्जासाठी ठेवलेली हमीची वस्तू. हा अर्थही ‘गोएल’च्या गहाण सोडविणाऱ्या जगापासून फार दूर नाही. परंतु भवसागराच्या रूपकामुळे फारोची वेठबिगारी संसाराच्या मायेत विरून जाण्याचा धोका राहतो. ‘मुक्ती’ या शब्दाला जन्ममरणाच्या फेऱ्याची पार्श्वभूमी आहे. मूळ कथेतील लोकांना जगातून सुटावयाचे नाही; त्यांना जगात मोकळ्या माणसांसारखे राहावयाचे आहे.

‘पवित्र’ हा शब्द शुद्ध करणे या अर्थाच्या ‘पू’ धातूपासून सिद्ध झाला आहे. हिब्रूत शुद्ध आणि अशुद्ध यांसाठी ‘ताहोर’ आणि ‘तामे’ हे स्वतंत्र शब्द आहेत. पवित्र आणि सामान्य ही एक जोडी, शुद्ध आणि अशुद्ध ही दुसरी, असा भेद लेवीयच्या दहाव्या अध्यायात केलेला आढळतो. मराठी ‘पवित्र’ या दोन्ही जोड्या एकात मिसळतो, आणि त्यात सोवळ्याओवळ्याची सामाजिक उतरंड शिरली की मूळ अर्थ पुरता उलटतो. विटाळाच्या या उतरंडीची वेदना मराठीत चोखामेळ्याच्या अभंगांनी बोलून दाखविली आहे, हे अभ्यासकांना सांगावयास नको. उलट, संतांचा ‘पतितपावन’ हा शब्द मात्र निर्गमाच्या क्रमाला पुष्कळ जवळचा आहे. त्यात पतित आधी येतो आणि पावन होणे नंतर.

म्हणून ‘क्रिस्तपुराणा’सारखा ग्रंथ वर्गात शिकविताना स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ शब्द योजला, एवढी नोंद करून थांबणे पुरेसे नाही. परिचित शब्दाने अपरिचित आशयासाठी कोठे वाट मोकळी केली आणि कोठे ती अडविली, हे प्रत्येक ठिकाणी पाहावे लागते. ‘पवित्र’ म्हणजे ज्याला शिवू नये ते, एवढाच अर्थ विद्यार्थ्यापर्यंत पोचला तर जळत्या झुडपापाशी पायतण काढणारा मोशे त्याला समजेल. परंतु तेथून त्याला फारोकडे का धाडले, हे समजणार नाही. या ग्रंथपरंपरेत पवित्र भूमीवर उभे राहणाऱ्याला मागे, गुलामांच्या वस्तीकडे, जावे लागते. सुटका आणि पवित्रता यांचा संबंध तेथेच सिद्ध होतो.